पाणबुड्याचा नाच

विहिरीत सूर मारून तळाची माती मुठीत घेऊन वर येणारा गडी गावोगाव असतो. त्याला विचारा, तळाशी काय होते? तो सांगेल, कानाला दडे बसतात आणि छाती कुणी दोन्ही हातांनी दाबून धरल्यासारखी वाटते. ही झाली चार-पाच परस पाण्याची गोष्ट. आता समुद्रात तीस-चाळीस परस खाली जाऊन, तिथे काम करून परत यायचे असेल तर?

अशा कामावर पिढ्यान् पिढ्या जगलेले एक बेट आहे. त्याचे नाव कालिम्नोस. ते ग्रीस देशात आहे. बेट लहान, सारे खडकाळ. पिकाऊ जमीन अगदी थोडी. मग माणसांनी करावे काय? ती समुद्राकडे वळली. समुद्राच्या तळाशी स्पंज मिळतो. पूर्वी शाळेत पाटी पुसायला डबीतून नेत, तोच स्पंज. पुष्कळांना वाटते ती वनस्पती आहे. तसे नाही. स्पंज हा एक प्राणी आहे. तो खडकाला चिकटून राहतो. त्याला कापून आणायचा, तुडवून धुवायचा, वाळवायचा. मग उरतो तो त्याचा मऊ सांगाडा. त्याला दूरदूरच्या देशांत चांगला भाव येई.

जुन्या काळी पाणबुडे उघड्या अंगाने बुडी मारत. हातात एक चपटा दगड घेत. दगड दहा-पंधरा किलोचा, त्याला दोर बांधलेला. दगडाच्या वजनाने माणूस झरझर खाली जाई. छातीत जेवढा श्वास भरला तेवढाच वेळ काम. मग वरचे सोबती दोर ओढून त्याला वर घेत. काम जिवावरचे होते खरे. पण खाली किती वेळ राहायचे, ते त्याचा श्वासच ठरवी. हे ध्यानात ठेवा. पुढे याचा उपयोग आहे.

मग यंत्र आले. रबरी कापडाचा बंद पोशाख, डोक्यावर तांब्या-पितळेचे शिरस्त्राण, पायात शिशाचे जोडे. सगळा बोजा ऐंशी किलोच्या वर. बोटीवर हवेचा पंप, आणि पंपापासून पाणबुड्यापर्यंत लांब नळी. कालिम्नोसच्या जवळ सिमी नावाचे बेट आहे. १८६३ च्या सुमारास हा पोशाख तिथे आला. लोक भ्याले. तेव्हा पोशाख आणणाऱ्याची बायको स्वतः तो घालून बंदरात उतरली आणि सुखरूप वर आली, अशी गोष्ट तिथे सांगतात. बाईची हिंमत पाहून लोकांची भीती मोडली म्हणे.

आता तळाशी तासभर राहता येऊ लागले. स्पंजाचे ढीग लागले. आणि थोड्याच दिवसांत माणसे मरू लागली.

गंमत अशी की तळाशी माणूस ठणठणीत असे. काम नीट करी. वर येई, शिरस्त्राण काढी, कधी विडीही ओढी. मग थोड्या वेळाने सांधे ठणकू लागत, पाय बधिर होत. कुणी तिथेच मरे. कुणी जगे, पण कमरेखाली लुळा होऊन. असे का व्हावे, कुणाला उमजेना.

हे समजून घ्यायला गोटी सोड्याची बाटली डोळ्यांपुढे आणा. गोटी बसलेली असते तोवर आतले पाणी स्वस्थ दिसते. गोटी आत दाबली की फस्सकन बुडबुडे येतात. ते कुठून आले? आतलाच वायू तो. दाबामुळे पाण्यात विरघळून बसलेला होता. दाब सुटला, वायू मोकळा झाला.

माणसाच्या अंगात हेच घडते. दर दहा मीटर खोलीला आपल्यावरचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. तीस मीटर खाली तो जमिनीवरच्या चौपट होतो. पाणबुड्याला नळीतून येणारी हवाही तेवढ्याच दाबाची लागते, नाहीतर छाती फुगणारच नाही. हवेत नत्रवायू पुष्कळ असतो. एरवी तो आपले काही बिघडवीत नाही. पण अशा दाबाखाली तो रक्तात नि मांसात विरघळत जातो. जितके खोल जावे आणि जितका वेळ राहावे, तितका जास्त. माणूस हळूहळू वर आला तर हा वायू फुप्फुसावाटे निघून जातो. पण झटकन वर आला, तर गोटी दाबल्यासारखे होते. अंगातच बुडबुडे उठतात. ते पाठीच्या कण्यातल्या मज्जेत अडकले की पाय जातात. आता तो दगडवाला पाणबुड्या आठवा. त्याच्याजवळ एकाच श्वासाची हवा, आणि खाली राहणे थोडा वेळ. म्हणून हा रोग त्याला सहसा गाठीत नसे. नव्या यंत्राने श्वासाची मर्यादा काढून टाकली, पण दुसरी मर्यादा कोणती ते यंत्राबरोबर कुणी सांगितले नाही.

त्या काळी ही बेटे तुर्की सुलतानाच्या ताब्यात होती. गाऱ्हाणी त्याच्यापर्यंत गेली. १८८२ मध्ये या पोशाखावर बंदी आली. बंदी फार काळ टिकली नाही. ज्याच्यात पैसा आहे, त्याच्यावरची बंदी टिकत नाही, हे तुम्ही-आम्ही पाहतोच.

तिकडे विद्वान शोध घेत होते. १८७८ मध्ये पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने नत्रवायूच्या बुडबुड्यांचे कारण पुस्तकात मांडले. १९०८ मध्ये इंग्लंडात हाल्डेन आणि त्याच्या सोबत्यांनी उपाय छापला. त्यांनी प्रयोग केले ते शेळ्यांवर! लोखंडी कोठीत शेळ्या ठेवायच्या, दाब वाढवायचा, मग निरनिराळ्या रीतीने उतरवायचा. कोणती शेळी लंगडते, पाय उचलून धरते, ते पाहायचे. त्यावरून तक्ते तयार झाले. अमुक खोलीवर अमुक वेळ राहिलात, तर वर येताना अमुक ठिकाणी इतकी मिनिटे थांबा. जिन्याच्या पायऱ्यांवर थांबत थांबत वर यावे, तसे. बाधा झालीच, तर माणसाला पुन्हा दाबाच्या कोठीत घालून हळूहळू बाहेर काढतात.

म्हणजे १९०८ पासून इलाज ठाऊक होता. तरी कालिम्नोसची माणसे पुढेही कैक वर्षे लुळी होत राहिली. का बरे? अडाणीपणा हे कारण होते, पण तेवढेच नव्हते. मोठे कारण होते उचल. होय, उचलच. उसतोडीला जाणाऱ्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. हंगामापूर्वी बोटीचा मालक पाणबुड्याला पैसे देई. ते घरखर्चात, जुन्या देण्यात जात. ईस्टरचा सण झाला की बोटी निघत. लिबिया, इजिप्त, ट्युनिशिया असे आफ्रिकेचे किनारे गाठत. परत येत पावसाळी दिवसांच्या तोंडाशी, म्हणजे तिकडच्या हिशेबाने ऑक्टोबरात. तोवर उचलीपुरता स्पंज काढला नाही, तर कर्ज पुढच्या सालावर. मग पाण्यात थांबत थांबत वर यायला वेळ कुणाला? आमच्या मते त्या पायांतले बळ जितके बुडबुड्यांनी नेले, तितकेच उचलीने नेले.

बोटी परत आल्या की धक्क्यावर बायका उभ्या असत. कोण उतरतो, कोण उतरत नाही, तिथेच कळे. जो मेला त्याला बहुधा तिकडेच वाळूत पुरलेले असे. त्याच्या बायकोला अंगावर काळे कपडे आले, पण जाऊन बसायला थडगेसुद्धा नाही.

आता नाचाकडे येऊ. कालिम्नोसचा एक नाच आहे, नाव मिहानिकोस. मिहानी म्हणजे यंत्र, आणि यंत्रावर बुडणारा तो मिहानिकोस. पुरुष एकमेकांना धरून रांगेत उभे राहतात. व्हायोलिन सुरू होते. रांगेच्या तोंडाशी असलेल्याच्या हातात काठी असते. तो पाऊल टाकू पाहतो आणि त्याचे पाय थरथरू लागतात. थरथर पायांतून कमरेत, खांद्यांत चढते. तो काठीवर भार देतो, वाकतो, कधी खाली कोसळतो, पुन्हा उठू पाहतो. बाकीचे मात्र तालात नाचत असतात.

आज हा नाच कालिम्नोसची तरणी पोरे बसवतात. सणाला, चौकात, नाटकाच्या मंचावर करतात. यांतल्या बहुतेकांनी जड पोशाख कधी अंगावर घातलेला नाही. पन्नास-साठ सालानंतर कारखान्यातला स्पंज स्वस्त झाला. १९८६ मध्ये भूमध्य समुद्रातल्या स्पंजांवर रोग पडला. धंदा फार आटला. थोड्याच बोटी उरल्या. पोरांना तो थरथरणारा पाय शिकावा लागतो.

तुम्ही म्हणाल, लुळ्याचे सोंग घेणे ही थट्टा नव्हे काय? नाथांच्या भारुडातही आंधळा येतो, पांगळा येतो. तिथे कुणी पांगळ्याला हसत नाही. सोंग कशासाठी आहे हे बघणाऱ्याला ठाऊक असते. इथेही तसेच. सांगतात की पूर्वी लुळे झालेले पाणबुडे खरोखरच काठी टेकून नाचात उभे राहत. सोबत्यांनी त्यांना रांगेबाहेर काढले नाही, उलट रांगेच्या तोंडाशी जागा दिली. आणि बघा, मेलेल्याविषयी बोलता येते, पण घरात बसून राहिलेल्या लुळ्या बापाविषयी मुलगा काय बोलणार? तो बापाचे पाय आपल्या पायांत आणून दाखवतो.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. हा पुरुषांचा नाच. लुळा दिसतो, सोबती दिसतात. ज्या बाईने त्या माणसाला वर्षानुवर्षे उठवले-बसवले, ती त्यात नाही.

नाचाचा शेवट पुष्कळदा असा करतात. ताल जलद होतो. पुढचा गडी काठी टाकून देतो, ताठ होतो, आणि पूर्वी नाचत असेल तसा झपाझप नाचू लागतो. कुणी म्हणतात ही आशा. कुणी म्हणतात, छे, ही तर त्या माणसाला पडलेली आठवण. अंगात बळ होते त्या दिवसांची. आम्हाला दुसरे म्हणणे खरे वाटते. कण्यातली मज्जा एकदा मेली की परत येत नाही, आणि त्या बेटावर हे लहान पोरालाही ठाऊक आहे.