सामूहिक फळबाग : लावणे आणि जगविणे

सम्राट अशोकाने सातव्या स्तंभलेखात रस्त्याकडेला वड लावल्याची, आमराया उभारल्याची आणि त्याबरोबरच विहिरी खोदल्याचीही नोंद केली आहे. आम्ही अमडापूरच्या स्वयंसेवकांनी मात्र पहिल्या वर्षी पाण्याचा विचार न करताच रोपे लावली. श्रमदान झाले, फोटो निघाले आणि मे महिन्यात निम्मी आळी रिकामी पडली!

तेव्हापासून आम्ही आधी जुन्या झाडांकडे वळतो. जुन्या आंब्याची मुळे खोल गेलेली असतात. त्याला पाण्यापेक्षा करवतीची गरज अधिक. वाळलेल्या फांद्या काढाव्यात. बांडगूळ वरवर ओरबाडले तर पुन्हा फुटते, म्हणून ते चिकटले असेल तेथून फूटभर खाली फांदीच कापावी. तीही त्याची फळे पिकण्यापूर्वी, कारण बी पक्षी पसरवितात. कापलेल्या जागी बोर्डो मलम लावावे. १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात व १ किलो चुना ५ लिटर पाण्यात वेगवेगळा भिजवून मग एकत्र करावा. भांडे लोखंडी नको, प्लास्टिकचे घ्यावे.

नव्या लागवडीचे खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यावेत. आंब्याला १० मीटर अंतर व १ मीटरचा खड्डा, सीताफळाला ५ मीटर अंतर पुरते. कलमाचा जोड मातीच्या वर राहावा आणि जोडाखालची फूट खुडत जावी, नाहीतर कलम मरून खुंटच वाढतो. आवळ्याची एकच जात लावू नये, फळधारणा कमी होते. कुंपण नसेल तेथे सीताफळ बरे. त्याच्या पाल्याला शेळ्या सहसा तोंड लावीत नाहीत. आळ्यात पालापाचोळा पसरून शेजारी वात घातलेला मातीचा माठ पुरला की थोड्या पाण्यात रोप उन्हाळा काढते.

आपल्याच जिल्ह्यातील खामगावचे भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाने २०१८ साली सुरू झालेल्या फळबाग योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के असे ठेवले गेले. म्हणजे शासनही नुसत्या लागवडीवर सगळे पैसे देत नाही, जगलेली झाडे मोजते. ती योजना वैयक्तिक शेतकऱ्यांसाठी. सामूहिक बागेत ही मोजणी आपल्यालाच करावी लागते.

खरा वाद पुढे होतो तो फळांवरून. सर्वांचे झाड म्हणजे आधी पोहोचेल त्याचे, अशी रीत पडली की पाणी घालणारा दुसऱ्या वर्षी येत नाही. आम्ही एक वही ठेवली. उन्हाळ्यात कोणी किती पाळ्या पाणी घातले ते तीत लिहायचे. पहिला वाटा त्यांचा, दुसरा शाळेतील मुलांचा, उरलेल्या फळांचा लिलाव. लिलावाचे पैसे पुढच्या उन्हाळ्यातील पाण्यासाठी राखून ठेवतो.