मूळ पाहिल्याशिवाय दात हलवू नका

मी स्वतः पारदर्शक अलाइनर, म्हणजे दात सरळ करणारे प्लास्टिकचे साचे, वापरले आहेत आणि त्यांचा मला फायदाच झाला, हे आधी सांगून टाकते. पुढे जे लिहिते आहे ते या तंत्राच्या विरोधात नाही. पूर्वी दातांचं माप द्यायचं म्हणजे ओल्या लगद्याने भरलेला ट्रे तोंडात घट्ट धरून बसावं लागे आणि अनेकांना उमासे येत. आता स्कॅनरची कांडी तोंडात फिरवली की काही मिनिटांत दातांची त्रिमिती प्रतिमा पडद्यावर उभी राहते. ही सोय मोठीच आहे. पण तिच्यामुळे एक गैरसमज रुजतो आहे, आणि तो महागात पडणारा आहे. स्कॅन झाला म्हणजे तपासणी झाली, असं लोक धरून चालतात. घरी माणूस पाठवून किंवा मॉलमधल्या एखाद्या स्टॉलवर स्कॅन करायचा, फोनवर ‘आधी’ आणि ‘नंतर’चं चित्र दाखवायचं आणि त्याच बैठकीत हप्ते ठरवून टाकायचे, अशी विक्री आपल्या शहरांतही सुरू झाली आहे. अशा वेळी काय विचारायचं आणि कुठे थांबायचं, हे सही करण्याआधी कळलेलं बरं.

तोंडात आपल्याला दिसतो तो अर्ध्याहूनही कमी दात. उरलेला, म्हणजे त्याचं मूळ, जबड्याच्या हाडात रुतलेलं असतं. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचं एक पातळ अस्तर असतं, जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीचं. दातावर हलका दाब सतत राहिला की दाबाच्या बाजूचं हाड शरीर विरघळवतं आणि ओढीच्या बाजूला नवं हाड भरतं. दात सरकतो तो असा, महिन्याला साधारण एक मिलिमीटर या चालीने. म्हणूनच एकेक अलाइनर दाताला पाव मिलिमीटरच्या आसपासच ढकलतो आणि दिवसाचे वीस-बावीस तास तो घालून ठेवावा लागतो. हे सारं हाड निरोगी असेल तर. पायरियाने हाड झिजलं असेल आणि हिरड्या सुजलेल्याच असतील, तर तोच दाब उरलेलं हाडही झिजवू शकतो आणि चांगला दिसणारा दात हलायला लागतो. मुळाशी गळू असेल, मुळं मुळातच आखूड असतील, एखादा दात हाडाला चिकटून बसला असेल, हाडात आडवा सुळा अडकलेला असेल, यातलं काहीच स्कॅनरला कळत नाही. तो प्रकाशाच्या मदतीने पाहतो आणि प्रकाश हिरडीपाशीच थांबतो. यातलं बरंचसं एक्स-रेत दिसतं. हिरडी आणि दात यांमधली फट किती खोल गेली आहे, ते खुणा केलेल्या बारीक सळीने दंतवैद्य मोजतो तेव्हाच समजतं. पायरिया बहुतेकदा दुखत नाही, त्यामुळे ‘मला काही त्रास नाही’ हे रुग्णाचं उत्तर या बाबतीत पुरेसं नसतं. फॉर्मवर तशी टिकमार्क करून घेणं म्हणजे तपासणी नव्हे.

दुसरी अडचण त्या आकर्षक चलचित्राची. सॉफ्टवेअरमध्ये दात एकेक करून जागेवर येताना दिसतात, तेव्हा हे असंच घडणार अशी खात्री वाटते. प्रत्यक्षात काय होतं ते संशोधकांनी मोजलं आहे. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांच्या, एका गटाने २००९ साली पुढच्या दातांच्या हालचाली तपासल्या, तेव्हा ठरवलेल्या हालचालीपैकी सरासरी ४१ टक्केच घडल्याचं आढळलं. २०२० साली, प्लास्टिक आणि सॉफ्टवेअर दोन्ही सुधारल्यानंतर, तशीच तपासणी पुन्हा झाली आणि आकडा ५० टक्क्यांवर आला. यावरून अलाइनर निरुपयोगी ठरत नाहीत. वाकडा दात पिळून सरळ करणं त्यांना विशेष अवघड जातं, हे जाणकार ऑर्थोडॉन्टिस्टला ठाऊक असतं. तो आराखडा त्या हिशेबाने आखतो, दातांवर रंगाशी जुळणारे छोटे उंचवटे चिकटवतो, मध्येच पुन्हा स्कॅन करून नवे संच मागवतो. उपचार खरा याच दुरुस्त्यांत असतो. त्या करणारा माणूस ज्या व्यवस्थेत नाही, तिथे निम्म्यावर अडलेला दात तसाच राहतो आणि वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसेनासे होतात.

अमेरिकेतल्या लोकांनी हा अनुभव पैसे मोजून घेतला आहे. संगणकावर आखलेल्या अलाइनरची सुरुवात तिथलीच. स्टॅनफर्डमध्ये शिकलेल्या झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी १९९७ साली अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली आणि इनव्हिझलाइन बाजारात आणलं. ते दंतवैद्याच्या हातूनच मिळत असे. २०१४ साली स्थापन झालेल्या स्माइलडायरेक्टक्लबने ही पायरीच गाळली. ग्राहकाने टपालाने आलेल्या साहित्यावर घरीच दातांचं माप घ्यायचं किंवा दुकानात स्कॅन द्यायचा, दूरवरच्या दंतवैद्याने संगणकावर मंजुरी द्यायची आणि अलाइनर पुन्हा टपालाने यायचे. ब्रेसेसपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत स्वस्त, अशी जाहिरात होती. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली तेव्हा तिचं मूल्य ८९० कोटी डॉलरच्या घरात ठरवलं गेलं. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने कायदा करून दात हलवण्याआधी दंतवैद्याने अलीकडचे एक्स-रे पाहिलेच पाहिजेत असं बंधन घातलं. पैसे परत हवे असतील तर तक्रार कुठे न बोलण्याच्या करारावर सही घेतली जात असे. वॉशिंग्टन डीसीच्या महान्यायवाद्याने केलेल्या कारवाईनंतर २०२३ मध्ये कंपनीला १७,००० हून अधिक ग्राहकांना अशा करारांतून मोकळं करावं लागलं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि डिसेंबरमध्ये दारं बंद केली. ज्यांचे दात निम्मे हलले होते त्यांना सांगण्यात आलं की पुढचे अलाइनर मिळणार नाहीत, आयुष्यभराची हमी संपली, हप्ते मात्र भरत राहा. ते वाचून मला आजही संताप येतो. हाड अजून घट्ट झालेलं नाही अशा अवस्थेत दात सोडून देणं आणि वसुली चालू ठेवणं, हे वैद्यकीय व्यवहारात बसतच नाही. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये डेंटस्प्लाय सिरोना या मोठ्या कंपनीनेही आपल्या ‘बाइट’ या घरपोच अलाइनरची विक्री थांबवली.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ऑर्थोडॉन्टिस्ट महाग असतात, शहरांत एकवटलेले असतात, आणि एक्स-रेचा आग्रह म्हणजे धंदा राखण्याची युक्ती आहे, असं लोक म्हणतात. खर्चाची तक्रार खरी आहे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला दर महिन्याला पुण्याला किंवा नाशिकला जाणं परवडत नाही, हेही खरं. पण स्वस्ताईचा मार्ग तपासणी गाळण्यात नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत, मुंबई महापालिकेच्या नायर दंत रुग्णालयात, गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात ऑर्थोडॉन्टिक्सचे विभाग आहेत. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली खाजगीपेक्षा कितीतरी कमी खर्चात उपचार करतात. वेळ लागतो, खेटे पडतात, पण हिरडीपासून हाडापर्यंत सगळं पाहिलं जातं. शिवाय पारदर्शक प्लास्टिकचा आग्रह सोडला तर धातूच्या साध्या तारा बहुतेकदा स्वस्त पडतात आणि अवघड हालचाली त्या अधिक नेमक्या करतात. एक्स-रेच्या भीतीबद्दलही बोलायला हवं. दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या ओपीजीचा किरणोत्सार निसर्गातून आपल्याला काही दिवसांत मिळतो तेवढाच असतो. सीबीसीटी या त्रिमिती स्कॅनचा त्याहून बराच जास्त असू शकतो, म्हणून तो मात्र कारण विचारूनच करावा. प्रत्येक अलाइनरसाठी तो लागत नाही.

‘आमच्याकडे घरी माप घ्यायला लावत नाहीत, प्रशिक्षित माणूस चांगला स्कॅनर घेऊन येतो,’ असंही सांगितलं जातं. माप अचूक असणं चांगलंच, पण बिनचूक माप हिरडीखालची माहिती देत नाही. दूरवरून देखरेख ठेवण्यालाही माझा विरोध नाही. पहिली तपासणी समोरासमोर झाली असेल, एक्स-रे पाहिले गेले असतील आणि काही बिघडलं तर जाऊन बसायला खुर्ची असेल, तर मधल्या काही भेटी फोटोंवर निभावता येतात. खेड्यातल्या रुग्णाला या तंत्राचा खरा लाभ तिथेच आहे.

म्हणून पैसे देण्याआधी ओपीजी झाला आहे का आणि तो पाहून तुमच्याशी कोण बोललं, हे बघा. हिरड्यांची खोली कुणी मोजली नसेल, तर आधी जवळच्या दंतवैद्याकडे जाऊन ती मोजून घ्या, दात साफ करून घ्या, किडलेले दात भरून घ्या. तुमच्या उपचाराला जबाबदार असलेल्या दंतवैद्याचं नाव आणि राज्य दंत परिषदेकडचा नोंदणी क्रमांक लेखी मागा; ‘आमची तज्ज्ञांची टीम आहे’ हे त्याचं उत्तर होत नाही. दात हलायला लागले किंवा चावताना वेगळं वाटू लागलं तर नेमकं कुणाकडे आणि कुठे जायचं, ते विचारा. सगळी रक्कम आगाऊ भरू नका, आणि हप्त्यांचं कर्ज घेत असाल तर ते कंपनीच्या नावाने आहे की वेगळ्या वित्तसंस्थेच्या, हे कागदावर वाचा, कारण दुकान बंद झालं तरी वित्तसंस्थेची वसुली चालूच राहू शकते. स्कॅनची फाइल, एक्स-रे आणि आराखडा यांची प्रत सुरुवातीलाच स्वतःकडे ठेवा. मध्येच डॉक्टर बदलावा लागला तर नव्या डॉक्टरला तुमचे दात मूळचे कसे होते ते त्यावरूनच कळतं. आणि नंतर दात जागेवर धरून ठेवणाऱ्या रिटेनरचा खर्च ठरलेल्या रकमेत धरला आहे का, ते विचारायला विसरू नका. सरळ झालेले दात जुन्या जागी परतू पाहतात, त्यामुळे रिटेनर अनेक वर्षं रात्री घालावा लागतो आणि तो तुटतो, हरवतो. उपचार संपल्यावरचा शेवटचा स्कॅन तुमच्याकडे असेल, तर नवा रिटेनर कुठल्याही गावात, कुठल्याही प्रयोगशाळेतून करून घेता येतो.