जुन्या खुराड्यात नव्या कोंबड्या

कोथरूडसारख्या, आता पुणे शहरात सामावलेल्या गावी परसात जागा थोडी असते. त्यामुळे बाजारातून आणलेली तलंग त्याच सायंकाळी जुन्या खुराड्यात कोंबली जाते. ही घाई घातक होय. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, अंगी भिनलेला पक्षी काही दिवस धडधाकट दिसतो; मात्र रोग पसरला म्हणजे सारे खुराडे रिकामे होण्यास आठवडा पुरतो.

सबब नवे पक्षी निदान तीन आठवडे निराळे ठेवावेत. मानमोडीची लस दिलेली आहे किंवा नाही, हे विकणारास विचारून घ्यावे. दाणापाणी प्रथम जुन्यांस व मागून नव्यांस द्यावे. उलट केल्यास आपल्याच पायांनी रोग जुन्यांकडे जातो.

पुढे प्रश्न उरतो तो भांडणाचा. कोंबड्यांत मानपान फार! कोणी कोणास टोचावे याचा क्रम ठरलेला असतो, हे नॉर्वेचे शेल्डेरप-एब्बे यांनी १९२१ च्या सुमारास दाखवून दिले. नवी आली की तो क्रम पुन्हा लागावा लागतो. म्हणून आठवडाभर मध्ये जाळी ठेवून एकमेकींस पाहू द्यावे. रात्री दांडीवर नेऊन बसविण्याची युक्ती पुष्कळ जण सांगतात. तिजवर आमचा सर्वस्वी भरवसा नाही, कारण पहाटे व्हावयाचे ते होतेच. त्याहून दाण्याची दोन भांडी दूरदूर ठेवणे अधिक उपयोगी. एकटी तलंग कधीही सोडू नये. दोन-तीन मिळून, व त्याही अंगाने जुन्यांएवढ्या झाल्यावरच सोडाव्यात. रक्त दिसताच तो पक्षी तत्काळ बाजूस काढावा. इतर कोंबड्या त्याच जागी टोचीत राहतात.