गाडी गरम की काटा खोटा?

किन्हीराजा, ता. मालेगाव, जि. वाशीम

चि. बाळास,


तुझ्या आईचा काल रात्री फोन आला. पोकलेनच्या तापमानाचा सेन्सर पोराने दोनदा बदलला, तरी लाल दिवा जात नाही, आणि आता सुपरवायझर तिसरा मागवायला सांगतोय, असं ती म्हणाली. सेन्सर म्हणजे काय ते तिला ठाऊक नाही. पोराची झोप उडालीय एवढं तिला कळलं. म्हणून मामाचं हे पत्र.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. त्याआधी आपल्या मालेगाव तालुक्यातल्या काळ्या रानात मुरमाचे ढीग होते, टिप्परच्या रांगा होत्या. अशा कामावर मे महिन्यात बॉनेटच्या पत्र्यावर हात ठेववत नाही. अशा उन्हात दिवा लागला की मेकॅनिकपुढे पहिला प्रश्न एकच असतो: गाडी खरंच गरम झालीय, की काटा खोटं सांगतोय? त्याचं उत्तर मिळेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही.

सेन्सरला तापमान कळत नाही, हे आधी ध्यानात घे. त्याच्या पितळी टोकात थर्मिस्टर असतो. तो तापला की त्याचा विजेला होणारा अडथळा घटतो. नेहमी दिसणाऱ्या एका प्रकारात 20 अंशांना सुमारे 2500 ओहम, 80 अंशांना सुमारे 320 आणि 100 अंशांना 190 च्या आत असा हिशेब असतो. तुझ्या मशीनचे आकडे तिच्या मॅन्युअलमध्येच बघ, कारण प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा. ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, या सेन्सरकडे 5 व्होल्ट धाडतो आणि तिथे किती उरले ते मोजून तापमान ठरवतो. म्हणजे स्क्रीनवर दिसतो तो व्होल्टेजवरून काढलेला अर्थ. वायर तुटली, पिन गंजली, अर्थिंग ढिलं झालं, तरी अर्थ बदलतो. इंजिनाला मात्र त्याचा पत्ताही नसतो.

तुझ्या मशीनवर तेच झालं असावं, असं मामाला वाटतं. दोन नवे सेन्सर लागोपाठ खराब निघणं अवघड आहे.

तेव्हा असं कर. स्विच ऑन ठेव, इंजिन बंद. सेन्सरचा कनेक्टर काढ आणि स्क्रीनवरचा आकडा बघ. तो उणे 40 च्या आसपास, म्हणजे अगदी तळाला जायला हवा. मग हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या बाजूच्या दोन पिना बारीक वायरने एकमेकींना जोड. आता आकडा एकदम वर जायला हवा. दोन्ही वेळा तसंच झालं तर वायरिंग आणि ईसीएम ठीक आहेत, दोष सेन्सरात, नाहीतर गाडी खरंच तापतेय. आकडा हललाच नाही, तर सेन्सरला दोष देऊ नकोस, हार्नेस धुंडाळ. ही परीक्षा फक्त दोन पिनांच्या सेन्सरवर, आणि मॅन्युअल शेजारी उघडं ठेवून. या मशीनवर बॅटरी 24 व्होल्टची असते. तिची वायर चुकून सेन्सरच्या पिनेला लागली तर ईसीएम जातो, आणि त्याची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते.

हार्नेस कुठे धुंडाळायचा? जिथे घासतो तिथे: ब्रॅकेटच्या धारेवर, टर्बोजवळ. वावराच्या धुऱ्यावर आठ दिवस उभ्या राहिलेल्या मशीनच्या वायरी उंदीर कुरतडतात. प्रेशरने धुतलेल्या मशीनच्या कनेक्टरात पाणी शिरतं आणि तांब्यावर हिरवट थर चढतो. तो थर अडथळा वाढवतो, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा थंड दिसतो. एकाने स्क्रीनकडे बघावं, दुसऱ्याने हार्नेस हळूहळू हलवावा. आकडा उडाला की जागा सापडली.

स्क्रीनवर येणारा बिघाडाचा कोडही नीट वाच. त्यातला एसपीएन कशात बिघाड ते सांगतो, एफएमआय कसला बिघाड ते. एसपीएन 110 म्हणजे इंजिनाच्या कूलंटचं तापमान. त्यापुढे एफएमआय 3 किंवा 4 आलं तर व्होल्टेजचा घोटाळा, 0 आलं तर इंजिन खरंच तापलेलं. पाण्याचं तापमान एका सेकंदात 85 वरून 120 वर जात नाही. आकड्याने उडी मारली तर वीज तपास. लोड वाढला तसा तो हळूहळू चढला तर रेडिएटर, बेल्ट, थर्मोस्टॅट. आणि रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा स्विच सकाळी ऑन केला की कूलंट आणि आत जाणारी हवा यांचे आकडे जवळपास सारखे हवेत. जानेवारीच्या थंडीत, इंजिन सुरू होण्याआधीच कूलंट 60 अंश दाखवत असेल, तर काटा खोटा.

याच्या उलटं जे घडतं, त्याला मामा जास्त भितो. कूलंट कमी झालं की सेन्सरचं टोक पाण्याऐवजी वाफेत किंवा हवेत लटकतं. मग हेड भाजत असतं आणि काटा हिरव्यात असतो. म्हणून रोज सकाळी, गाडी गार असताना लेव्हल बघायची. गरम गाडीची कॅप उघडायची नाही, कुणीही घाई केली तरी नाही. दाबाखालचं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. शंका असेल तर इन्फ्रारेड गन थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर धर. चकाकत्या धातूवर ती कमी दाखवते, म्हणून तिथे काळी टेप चिकटव.

खोट्या दिव्यावर विसंबलं की काय होतं ते ऐक. 28 मार्च 1979 रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक व्हॉल्व्ह उघडाच राहिला आणि गाभ्याचं पाणी त्यातून निघून गेलं. पॅनेलवरचा दिवा मात्र व्हॉल्व्ह बंद झाल्यासारखं दाखवत होता, कारण तो दिवा फक्त बंद होण्याचा हुकूम गेला की नाही हे सांगायचा. व्हॉल्व्हपुढच्या पाइपचं तापमान चढलेलं दिसत होतं. पण व्हॉल्व्ह आधीपासूनच गळका, म्हणून ते कुणी मनावर घेतलं नाही. गाभ्याचा मोठा भाग वितळला. तिथली माणसं शिकलेली होती, बाळा.

आता शेवटचं. कुणीतरी तुला सांगेल, ‘एक रेझिस्टर लाव, दिवा जाईल.’ जाईल खरा. पण पुढच्या वेळी इंजिन खरंच तापेल तेव्हा ईसीएमला ते कळणार नाही, पॉवर कमी होणार नाही, हॉर्न वाजणार नाही, आणि हेड गास्केट उडाल्यावरच ऑपरेटर खाली उतरेल. चाकांच्या मशीनला 1 एप्रिल 2021 पासून चौथ्या टप्प्याचे उत्सर्जन नियम लागू झाले. त्या इंजिनांची सगळी मदार या सेन्सरांवर आहे. मालक रागावला तर रागावू दे. असा रेझिस्टर तुझ्या हाताने लागता कामा नये.

पहिल्या पगारात चांगला मल्टिमीटर घे. एक वही कर आणि प्रत्येक मशीनचा सकाळचा गार आकडा तारखेसह लिहीत जा. उद्या हार्नेस तपासून काय सापडलं ते कळव, आणि आधी आईला फोन कर. ती वाट बघतेय.

तुझा,
मामा