‘इन्’ म्हणजे ‘नाही’च का?

इंग्रजी म्हटले की आम्हा खेड्यातल्या मुलांच्या पोटात गोळा येतो. आठवीत एक नियम घोकला होता: शब्दाच्या सुरुवातीला ‘इन्’ आले की अर्थ उलटा. करेक्ट म्हणजे बरोबर, इन्करेक्ट म्हणजे चूक. कम्प्लीट म्हणजे पूर्ण, इन्कम्प्लीट म्हणजे अपुरे. पुढच्या अक्षराप्रमाणे हाच ‘इन्’ रूप बदलतो, म्हणून इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर. या नियमावर मी परीक्षेत गुणही मिळवले.

माझे वडील पेट्रोलच्या टँकरवर क्लीनर आहेत. ते शाळेत गेले नाहीत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी टँकरच्या पाठीवरची तांबडी अक्षरे दाखवून विचारले, “तू कॉलेजात जातोस ना? मग हे काय लिहिलंय सांग बरं.” शब्द होता ‘इन्फ्लेमेबल’. मी ऐटीत म्हणालो, “आप्पा, फ्लेम म्हणजे ज्वाला आणि इन् म्हणजे नाही. म्हणजे हे पेटत नाही.”

आप्पा हसले. “अरे, पेट्रोल आणि पेटत नाही? आमचा उस्ताद गाडीजवळ बिडी काढू देत नाही!”

सुट्टी संपताच ग्रंथालयात शब्दकोश उघडला. अर्थ होता ‘सहज पेट घेणारे’! मूळ लॅटिनमध्ये ‘इन्’ दोन आहेत. एक नकाराचा, दुसरा ‘आत’ किंवा ‘वर’ या अर्थाचा. दुसऱ्या ‘इन्’पासून ‘पेटवणे’ या अर्थाचे क्रियापद झाले आणि त्यातून हा शब्द आला. इन्क्लूड म्हणजे आत घेणे, इम्पोर्ट म्हणजे देशात माल आणणे, हीही त्याचीच मंडळी. माझ्यासारखी चूक पुष्कळांची होई, म्हणून १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील आगप्रतिबंधक संस्थेने ‘फ्लेमेबल’ हा सुटसुटीत शब्द वापरण्याचा आग्रह धरला. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच! न पेटणाऱ्याला ‘नॉनफ्लेमेबल’ म्हणावे.

नकाराचा ‘इन्’सुद्धा कधी चकवतो. इन्व्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल नव्हे, तर ज्याची किंमतच करता येत नाही असे. आपला ‘अमूल्य’ शब्द तसाच आहे. इन्फेमस म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध.

मराठीतही हा घोटाळा आहेच. अशक्य, अज्ञान यांतला ‘अ’ नकाराचा; पण अभ्यास, अभिमान यांतला ‘अ’ तसा नाही, तिथे ‘अभि’ हा उपसर्ग आहे. ‘अभ्यास’मधला ‘अ’ काढून कोणी अर्थ लावत बसत नाही, कारण तो शब्द आपल्या रोजच्या वापरातला आहे.

तेव्हा मित्रहो, पहिली दोन अक्षरे पाहून अर्थ ठरवू नका. नियम पाठ करा, पण शब्दकोशही उघडा. पेपरात अशी चूक झाली तर एक गुण जाईल; टँकरजवळ झाली तर जीव जाईल.

आणखी एक. ज्याला अक्षरओळख नाही त्याला इंग्रजीत ‘इल्लिटरेट’ म्हणतात. तिथला ‘इल्’ नकाराचाच. पण त्या दिवशी शब्द वाचता आला तो मला, आणि अर्थ ठाऊक होता तो आप्पांना.