बाळ झोपलं की

जिवती

चि. पोरीस,

परवा फोनवर तू विचारलंस, बाळ झोपलं की दोन-दोन तास हाताला काम नसतं, नुसती बसले तर मॅडम काय म्हणतील? तेव्हा अंगणवाडीत खिचडी वाटपाची वेळ झाली होती, बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मनाशी एक पक्कं कर. तो वेळ रिकामा नाही. आपल्याकडे निंदणाच्या दिवसांत बाई लेकराची झोळी धुऱ्यावरच्या झाडाला बांधते आणि पात धरते. हात खुरप्यावर, कान झोळीकडे. झोळी जरा वेगळी हलली तरी पात सोडून धावते. तिला मजुरी निंदणाची मिळते, कान मात्र फुकट राबतो. तुला नागपुरात बाळ सांभाळण्याचा पगार मिळतो तो त्या कानाचाच. तेव्हा बसायची लाज बाळगू नकोस. आपल्या डोंगरावरच्या पोरींना पाण्याच्या खेपा, सरपण, वेचणी यांची इतकी सवय असते की पाठ टेकली तरी गुन्हा केल्यासारखं वाटतं. ते मनातून काढून टाक.

हे माझ्या पदरचं नाही. जून २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. घरच्यांची हाक येईल म्हणून ज्या वेळात आपल्याला मनासारखं कुठे जाता येत नाही, तो वेळही कामाच्या तासांत धरायचा, असं त्यात म्हटलं आहे; किती धरायचा ते त्या त्या देशानं ठरवायचं. आठवड्यातून सलग २४ तास सुट्टीही त्यात आहे. भारतानं तेव्हा बाजूनं मत दिलं, पण करार अजून लागू करून घेतलेला नाही. मला हे फार लागतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घरकामगारांच्या कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असं केंद्र सरकारला सांगितलं. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर तुझी बोलीच तुझा कायदा, म्हणून ती स्पष्ट कर. मॅडम घरी निवांत असतील तेव्हा विचार: बाळ झोपल्यावर माझ्याकडून काय अपेक्षा आहे, मी जेवू कधी, रात्री बाळ उठवत असेल तर दुपारी मी डोळा लावला तर चालेल का? रात्रभर जागलेल्या बाईच्या हातात लेकरू देणं धोक्याचं असतं, हे कुठल्याही आईला पटतं. विचारणाऱ्या पोरीला कोणी कामचुकार समजत नाही.

बाळाची कामं तुझीच. दुधाच्या बाटल्या उकळणं, दुपटी घड्या घालणं, खेळणी पुसणं हे त्याच्या झोपेत उरकून घे. शिवाय एक वही कर. रेघा मारून चार रकाने पाड: दूध किती वाजता घेतलं, किती घेतलं, शी-शू कधी झाली, झोप कधी लागली आणि मोडली. औषध दिलं तर त्याखाली नाव आणि वेळ लिही. संध्याकाळी बाळ किरकिरलं की डॉक्टर आधी हेच विचारतात, आणि ऑफिसातून आलेल्या आईला त्या पानावर आपल्या लेकराचा अख्खा दिवस दिसतो. अंगणवाडीतल्या वजनाच्या नोंदींनी किती लेकरं वेळेवर दवाखान्यात पोचली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

बाकी घराची झाडलोट, पाहुण्यांची भांडी, इस्त्री हे बोलीत नसेल तर एखाद्या दिवशी मदत म्हणून कर, पण रोजचं होऊ लागलं की पगाराचं बोल. आणि तुझ्या धाकट्या बहिणीला मदतीला बोलाव, असं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हण. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला २००६ पासून बंदी आहे. तिची जागा शाळेत.

उरलेल्या वेळात काय करावं? बाळाच्या पहिल्या आवाजाला खाली ठेवता येईल असं काहीही. विणकाम, वाचन, घरी दोन शब्द फोन. कानात हेडफोन मात्र नको, आणि आंघोळही आई-बाप घरात असतानाच. बाळाचे फोटो काढून स्टेटसला ठेवू नकोस. लेकरू त्यांचं आहे. मालिकेत एकदा मन गुंतलं की कान उरत नाही, हे मी अनेक घरांत पाहिलं.

माझं मत विचारशील तर त्या वेळात अभ्यास कर. कोसबाडच्या अनुताई वाघ बालविधवा होत्या. त्या नोकरी सांभाळून शिकल्या आणि पुढे ताराबाई मोडकांसोबत त्यांनी आदिवासी मुलांच्या बालवाड्या उभ्या केल्या. तुझी दहावी झाली आहे. अंगणवाडी सेविकेला आता बारावी लागते, वय १८ ते ३५ आणि गावातलाच रहिवास. तुझ्याइतका लेकरांचा अनुभव असलेल्या किती पोरी इकडे सापडतील? बारावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. दुपारचा एक तास जरी पुस्तकाला दिलास तरी होईल.

सुट्टीच्या दिवशी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन घरेलू कामगार म्हणून नोंदणी कर. २००८ च्या कायद्यानं ती सोय आहे, वय १८ ते ६० चालतं. अडलं तर रूपाताई कुलकर्णींनी उभी केलेली विदर्भ मोलकरीण संघटना नागपुरातलीच आहे, तिथे विचार.

तुझा शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीची मार्कशीट माझ्या पेटीत आहे. रविवारी फोन करून तिकडचा पत्ता नीट सांग, सोमवारी दोन्ही स्पीड पोस्टानं पाठवते.

तुझी,
मावशी