देठावरचे कोकरू

पॅरिस येथे इ. स. १६०५ मध्ये क्लोद द्युरे या लेखकाचा अद्भुत वनस्पतींविषयीचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात एक मोठे नवलाचे चित्र आहे. जमिनीतून देठ वर आला आहे आणि त्यावर फूल नव्हे, फळ नव्हे, तर अंगभर लोकर असलेले कोकरू आहे! हे झाड तार्तरी देशात, म्हणजे मध्य आशियाच्या बाजूस, उगवते अशी युरोपात समजूत होती. कोकराची नाळ देठाला जोडलेली. देठ वाकेल तेथवरचे गवत ते खाई आणि गवत संपले की बिचारे उपाशी मरून जाई. इतका करुण तपशील ज्याने प्रथम कल्पिला, तो मनुष्य कवीच असला पाहिजे.

ही कल्पना आली कोठून? इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवले की, भारतातील रानझाडांना लोकर येते व ती मेंढीच्या लोकरीहून सरस असते. वऱ्हाड-खानदेशातील मुलांनो, हे झाड ओळखण्यास तुम्हांस क्षणही लागणार नाही. आपल्या शेतातील कपाशीच ती! परंतु उकललेले बोंड ज्यांनी कधी पाहिले नाही आणि लोकर म्हटली की मेंढी एवढेच ज्यांना ठाऊक, त्यांनी काय समजावे? चौदाव्या शतकातील मँडेव्हिलच्या प्रवासवर्णनात तर भोपळ्यासारख्या फळातून कोकरू निघते. जर्मन भाषेत कापसाला आजही 'झाडाची लोकर' अशा अर्थाचाच शब्द आहे. या कोकराचे मूळ कपाशीत आहे, असे हेन्री ली याने १८८७ साली प्रतिपादन केले. ते पटण्यासारखे आहे.

चित्रातील कोकरू खरे, देठही खरा. खोटा होता तो केवळ दोहोंमधील सांधा. पण चित्र छापले गेले आणि ऐकीव गोष्टीला डोळ्यांनी पाहिल्याचे बळ आले.

पुढे १६९८ मध्ये चीनकडून आलेले असे एक 'कोकरू' हॅन्स स्लोन याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले. त्याने ते निरखून पाहिले होते. तो एका मोठ्या नेच्याच्या खोडाचा तुकडा निघाला! त्यावर सोनेरी-पिवळी दाट लव होती आणि पानांचे देठ बेताने छाटून त्यांचेच पाय केलेले होते. त्या नेच्याच्या शास्त्रीय नावात 'बारोमेत्झ' हा शब्द अद्याप आहे. त्याचा मूळ अर्थ कोकरू.